लाटेकमधे मराठीची पीडीएफ कोरी का येते, आणि बाकीचे घोळ

प्रबंध मराठीत लिहायचाय, किंवा गणिताचं एखादं पुस्तक मराठीत करायचंय, आणि कुणीतरी सांगतं की वर्डच्या नादी लागू नकोस, लाटेक वापर (साध्या फाइलमधे मजकूर आणि कमांडी लिहून पीडीएफ काढायचं सॉफ्टवेअर), फुकट आहे आणि छपाई एक नंबर येते. सांगणाऱ्याचं काही चुकीचं नसतं. मग आपण ते इन्स्टॉल करतो, दोन ओळी मराठीत टाइप करतो, बटण दाबतो, आणि पीडीएफ येते कोरी. नाहीतर चौकोन चौकोन येतात, नाहीतर वेलांटी बिचारी अक्षराच्या उजवीकडे सुटी उभी असते आणि सगळे जोडाक्षरांचे पाय मोडलेले. मग सुरू होते शोधाशोध, कुणी म्हणतं फॉन्ट बदल, कुणी म्हणतं सगळं काढून परत टाक, आणि माणूस अख्खं लाटेक परत डाउनलोडला लावून झोपतो. सकाळी उठून बघतो तर तीच कोरी पीडीएफ.

हे होतं कारण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. लाटेकमधे एकमेकांवर बसलेले थर आहेत, आणि दिसायला सारखाच वाटणारा घोळ वेगवेगळ्या थरांत झालेला असू शकतो. खाली असतं इंजिन, म्हणजे तुमची फाइल वाचून पीडीएफ काढणारा प्रत्यक्ष प्रोग्राम. त्याच्यावर पॅकेजेस, म्हणजे जोडकामं, भाषा कुठली, फॉन्ट कसा निवडायचा, तक्ते कसे काढायचे वगैरे. आणि बाजूला फॉन्ट, जो लाटेकचा नसतोच, तुमच्या कंप्युटरवरचा असतो. घोळ कुठल्या थरातला ते कळलं की उपाय बहुतेक वेळा एका ओळीचा असतो, आणि नाही कळलं तर आठवडा जातो.

एक आधीच सांगून टाकतो, कमांडी मी इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग आणि आधी बॅकस्लॅश, आणि "अमुक बरोबर तमुक" म्हटलंय तिथे मधे = चिन्ह.

आधी इंजिन. डॉनल्ड क्नुथ यांनी टेक, म्हणजे छपाईसाठी अक्षरजुळणी करणारा मूळ प्रोग्राम, बनवायला घेतलं १९७७ साली, त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं बघून वैतागले म्हणून, नवीन फोटोटाइपसेटिंगमधे, म्हणजे फोटोच्या तंत्राने केलेल्या जुळणीत, अक्षरं अगदीच भिकार दिसत होती. त्याच्यावर लेस्ली लॅमपोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात लाटेक चढवलं, म्हणजे धडा, परिच्छेद, अनुक्रमणिका असल्या गोष्टी सोप्या शब्दांत सांगता याव्यात. आता तारीख बघा, युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीची, पहिली आवृत्ती आली १९९१ मधे. म्हणजे टेक जन्मलं तेव्हा देवनागरीला कंप्युटरमधे ठरलेली जागाच नव्हती. जुन्या टेकच्या हिशोबात एका फॉन्टात जास्तीत जास्त २५६ अक्षरं, आणि आपली जोडाक्षरं धरली तर देवनागरीला शेकड्यांनी आकार लागतात, शिवाय पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर आणि दिसते अक्षराआधी, ही भानगड त्याला कोण समजावणार. तरी लोक गप्प बसले नव्हते, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मधेच देवनागरीसाठी फॉन्ट आणि एक पूर्वप्रक्रिया करणारा प्रोग्राम काढला होता, रोमन अक्षरांत टाइप करायचं, तो प्रोग्राम ते टेकला समजेल असं करून द्यायचा, मग टेक चालवायचं. संस्कृतवाल्यांनी ते वर्षानुवर्षं वापरलं. पण आज तुम्हाला त्याची गरज नाही, आणि नेटवर कुठे त्याच्या सूचना सापडल्या तर त्या नवीन फाइलमधे मिसळू नका.

आज सगळ्यात जास्त वापरलं जाणारं इंजिन पीडीएफलाटेक, आणि ते त्याच जुन्या २५६ वाल्या घराण्यातलं आहे. बऱ्याच एडिटरांमधे आणि ओव्हरलीफसारख्या ऑनलाइन साइटवर डीफॉल्ट तेच असतं. त्याला मराठी दिलं की ते तक्रार करतं की युनिकोडचं अमुक अक्षर लाटेकसाठी सेट केलेलं नाही, आणि पुढे शून्य नऊ दोन ई असा काहीतरी नंबर देतं, तो म्हणजे म. हा मेसेज दिसला की फॉन्टाला हात लावू नका, पॅकेज टाकू नका, इंजिन बदला. झीलाटेक किंवा लुआलाटेक, दोन्ही युनिकोड जन्मापासून ओळखतात. झीटेक, म्हणजे झीलाटेकच्या खालचं मूळ इंजिन, जोनाथन क्यू यांनी २००४ मधे आणलं, तेव्हा ते फक्त मॅकवर चालायचं, नंतर बाकीकडे आलं. एडिटरच्या मेनूत कंपायलर, म्हणजे इंजिनच, बदलायचा पर्याय असतो, ओव्हरलीफमधे प्रोजेक्टच्या सेटिंगमधे असतो. एवढंच. अर्ध्या लोकांचा प्रश्न इथेच मिटतो.

याच्या उलट मेसेजही येतो, फॉन्टस्पेक नावाचं पॅकेज ओरडतं की मला झीटेक किंवा लुआटेक लागतं. तेही तेच सांगतंय, फाइल बरोबर आहे, इंजिन चुकीचं आहे.

आता इन्स्टॉलेशन. विंडोजवर मुख्यतः दोन वितरणं, म्हणजे इंजिन आणि पॅकेजेस एकत्र बांधलेले संच, टेकलाइव्ह आणि मिकटेक. मॅकवर मॅकटेक, ते आतून टेकलाइव्हच. लिनक्सवर टेकलाइव्ह. माझं मत विचाराल तर मराठी काम असेल आणि डिस्कवर जागा असेल तर सरळ पूर्ण टेकलाइव्ह टाका, सात-आठ जीबी जागा खातं, पण नंतर "अमुक फाइल सापडली नाही" हा तगादा जवळजवळ संपतो. जागा कमी असेल तर इन्स्टॉलरमधे डॉक्युमेंटेशन आणि सोर्सची टिक काढा, बरीच जागा वाचते. छोटी स्कीम, म्हणजे मोजक्या पॅकेजांचा संच, घेऊन मग एकेक पॅकेज वेचत बसणं हे हौशी लोकांचं काम, ज्याला पंधरा दिवसांनी प्रबंध जमा करायचाय त्याचं नाही.

डाउनलोड मधेच तुटतं, आपल्याकडे तर तुटतंच. इन्स्टॉलर जवळचा कुठलातरी सर्व्हर स्वतः निवडतो आणि तो निवडलेला सर्व्हर कधीकधी कासवाच्या चालीचा निघतो. तुटलं म्हणून शून्यापासून सुरू करायची गरज नसते, इन्स्टॉलर थांबताना स्वतःच सांगतो की प्रोफाइल फाइल देऊन परत चालवा, आणि मग जेवढं उतरलंय तेवढं तो परत उतरवत नाही. ती शेवटची दोन वाक्यं कुणी वाचत नाही कारण तोवर माणूस चिडून खिडकी बंद करून मोकळा झालेला असतो. ऑफिसात किंवा कॉलेजात नेट बरं असेल तर तिथून अख्खी आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर आणणं हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा रस्ता.

इन्स्टॉल तर झालं, पण एडिटर म्हणतो झीलाटेक नावाची कमांडच नाही. हा पाथचा घोळ, म्हणजे प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीचा. इन्स्टॉल व्हायच्या आधीपासून उघडा असलेला एडिटर किंवा टर्मिनल नवीन पाथ वाचतच नाही, तो बंद करून परत उघडा. तरी नाही झालं तर टर्मिनलमधे झीलाटेक, दोन डॅश, व्हर्जन असं विचारा. उत्तर आलं तर टेकचं इन्स्टॉलेशन ठीक आहे आणि दोष एडिटरच्या सेटिंगमधे आहे. आणि उत्तरात जुनंच साल दिसलं तर समजायचं की मशीनवर दोन-दोन वितरणं नांदतायत, पूर्वी कधीतरी टाकलेलं मिकटेक पाथमधे पुढे आहे आणि तुम्ही पॅकेजेस टाकताय नवीन टेकलाइव्हमधे. हे फार होतं, विशेषतः डिपार्टमेंटच्या लॅबमधल्या कंप्युटरवर जिथे दर बॅचने आपापलं काहीतरी टाकून ठेवलेलं असतं. एक काढून टाका.

लिनक्सच्या उबंटू-डेबियनवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथे ॲप्टने, म्हणजे सिस्टिमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर टाकायच्या साधनाने, टाकलेलं टेकलाइव्ह असतं आणि नेटवरच्या सूचना सांगतात टीएलएमजीआर (टेकलाइव्हचं स्वतःचं पॅकेज टाकायचं साधन) वापरा. ते चालवलं की टीएलपीडीबी (टेकलाइव्हच्या पॅकेजांची यादी) सेटअप करता येत नाही असलं काहीतरी येतं, किंवा येतं की दूरचं भांडार तुमच्यापेक्षा नवीन सालाचं आहे. कारण साधं आहे, टेकलाइव्ह दरवर्षी नवीन निघतं, साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास, आणि एका सालाच्या इन्स्टॉलेशनवर दुसऱ्या सालाची पॅकेजेस चढवू देत नाही. डेबियनने दिलेलं त्याच्या आवृत्तीपुरतं एका सालाला थांबलेलं असतं. तेव्हा एकतर ॲप्टचं घेतलंय तर सगळं ॲप्टनेच घ्या, हवी ती फाइल कुठल्या पॅकेजात आहे ते ॲप्ट-फाइलने शोधता येतं, नाहीतर ॲप्टचं पूर्ण काढून मूळ टेकलाइव्ह टाका. दोन्ही दरडींवर पाय ठेवायचा नाही.

मिकटेकचा स्वभाव असा की लागेल तसं पॅकेज तो मधेच उतरवतो. म्हणजे कंपाइल (फाइलची पीडीएफ करणं) चालू असतं आणि अचानक सगळं थिजल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात मागे एक खिडकी उघडलेली असते "हे पॅकेज टाकू का" विचारत, आणि ती एडिटरच्या मागे लपलेली असते. सेटिंगमधे नेहमी टाक असं करून ठेवा. आणि मिकटेक तक्रार करत असेल की तुम्ही अजून अपडेट तपासले नाहीत, तर कन्सोल उघडून साधा यूजर म्हणून आणि ॲडमिन म्हणून, दोन्हीकडून अपडेट तपासा, एकाच बाजूने केलं की दुसरी बाजू रुसते.

विंडोजवर अजून एक, पीडीएफ रीडरमधे फाइल उघडी ठेवून कंपाइल केलं की लाटेक म्हणतं मला या पीडीएफवर लिहिता येत नाही. काही नाही, रीडर बंद करा. सुमात्रासारखा रीडर फाइल अडवून धरत नाही, तो वापरा. फोल्डरच्या नावात स्पेस आणि मराठी अक्षरं टाळा, "प्रबंध फायनल नवीन २" असल्या फोल्डरात काही साधनं अडखळतात. क्लाउडला सतत सिंक होणाऱ्या फोल्डरातही लाटेकच्या तात्पुरत्या फायलींची आणि सिंकची मारामारी होते.

आता मूळ मुद्दा, कोरी पीडीएफ. इंजिन झीलाटेक आहे, एरर एकही नाही, आणि पान कोरं. इथे काय झालंय की झीलाटेकला तुम्ही फॉन्ट सांगितलाच नाही, म्हणून त्याने आपला नेहमीचा लॅटिन मॉडर्न घेतला, आणि लॅटिन मॉडर्नमधे देवनागरी नाही. टेकच्या दृष्टीने फॉन्टात अक्षर नसणं हा गुन्हा नाही, ते गप्प पुढे जातं आणि लॉग फाइलमधे, म्हणजे कंपाइलच्या नोंदवहीत, हळूच लिहून ठेवतं, मिसिंग कॅरेक्टर, अमुक फॉन्टात म नाही, पुढे र नाही, पुढे ठ नाही, अशी शेकडो ओळींची रांग. लॉग उघडला असता तर दहा सेकंदांत कळलं असतं. यावर एक फार कामाची गोष्ट आहे, फाइलच्या वरच्या भागात ट्रेसिंगलॉस्टकॅर्स बरोबर ३ असं लिहिलं की २०२१ पासूनच्या टेकलाइव्हमधे हरवलेलं प्रत्येक अक्षर खरी एरर बनून समोर येतं. मराठी काम करणाऱ्याने ही ओळ कायमची ठेवावी असं मला वाटतं, कारण तीनशे पानांत कुठेतरी एक रुपयाचं चिन्ह गायब झालेलं छापून आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. रुपयाचं चिन्ह युनिकोडमधे २०१० ला आलं, त्याआधीच्या फॉन्टांत ते सापडायचं नाही.

तर चालणारी सगळ्यात छोटी फाइल अशी. डॉक्युमेंटक्लास आर्टिकल. पुढच्या ओळीत यूजपॅकेज फॉन्टस्पेक. मग सेटमेनफॉन्ट, त्याच्या महिरपी कंसात शोभिका, आणि चौकोनी कंसात स्क्रिप्ट बरोबर देवनागरी, स्वल्पविराम, लँग्वेज बरोबर मराठी. मग बिगिन डॉक्युमेंट, एक मराठी वाक्य, एंड डॉक्युमेंट. बस.

यातलं स्क्रिप्ट बरोबर देवनागरी हे लोक विसरतात आणि मग ते मोडलेल्या जोडाक्षरांचं प्रकरण होतं. "शिक्षण" हा शब्द घ्या. कंप्युटरच्या पोटात तो असा साठवलेला असतो: श, मग वेलांटी, मग क, हलन्त, ष, ण. आता श आणि वेलांटी यांची अदलाबदल करून वेलांटी डावीकडे काढणं, आणि क-हलन्त-ष या तिघांचं मिळून एक क्ष करणं, हे काम फॉन्टाच्या आतल्या नियमांचं आहे, आणि इंजिनाला सांगावं लागतं की बाबा हे देवनागरीचे नियम लाव. नाही सांगितलं तर ते इंग्रजीसारखं एकापुढे एक अक्षर मांडत जातं, श नंतर सुटी वेलांटी, मग पाय मोडका क्, मग ष. म्हणजे पानावर सगळी अक्षरं हजर आहेत पण जुळलेली नाहीत असं दिसलं तर फॉन्ट खराब नाही, स्क्रिप्टचा ऑप्शन राहिलाय. लुआलाटेक वापरत असाल तर त्याच चौकोनी कंसात रेंडरर बरोबर हार्फबझ हेही द्या, हार्फबझ म्हणजे ही जुळणी करणारं मुक्त स्रोत साधन, झीटेक आतून तेच वापरतं म्हणून तिथे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि लँग्वेज बरोबर मराठी कशाला? कारण मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे काढले जातात, आणि चांगल्या फॉन्टांत दोन्ही आकार असतात, भाषा सांगितली तर मराठी आकार मिळतो. फॉन्टात ती सोयच नसेल तर फॉन्टस्पेक इशारा देतं की या फॉन्टात मराठी भाषा नाही, तो इशारा निरुपद्रवी आहे, पण मग पुस्तक हिंदी वळणाचं दिसेल एवढं लक्षात ठेवा.

अशीच गोष्ट अर्ध्या र ची. आचार्यांना भेटलो आणि आचाऱ्यांना भेटलो यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, एकीकडे गुरुजी आणि दुसरीकडे जेवणावळीचा स्वयंपाकी. दुसऱ्यातला तो आडवा र युनिकोडमधे दोन पद्धतींनी टाइप होतो, एक नुक्त्यावाला ऱ घेऊन हलन्त आणि य, दुसरी साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर आणि य. हा न दिसणारा प्राणी व्हॉट्सॲपमधून किंवा वर्डमधून कॉपी करताना कुठेतरी गळून पडतो आणि तुमच्या आचाऱ्यांचे आचार्य होतात, लाटेकचा यात काडीचाही दोष नसतो. म्हणून पहिली पद्धत वापरा, आणि अख्ख्या फाइलमधे एकच, नाहीतर शोधताना अर्धे शब्द सापडत नाहीत.

फॉन्ट कुठला हे विचारतात. शोभिका आयआयटी मुंबईत तयार झालेला आहे, मुक्त आहे, आणि टेकलाइव्हमधे येतोच, शिवाय त्यात इंग्रजी अक्षरंही आहेत त्यामुळे मराठीत मधेच इंग्रजी नाव आलं तरी अडत नाही. एकटाइपचा मुक्ता आहे, तो शीर्षकांना छान दिसतो. गूगलचा नोटो सेरिफ देवनागरी आहे. टिरो देवनागरी मराठी नावाचा एक मुद्दाम मराठी वळणासाठीच केलेला फॉन्ट आहे, तो बघा एकदा, मला आवडतो. विंडोजवरचा मंगल स्क्रीनवर वाचायला ठीक, छापील पुस्तकाला नको.

फॉन्ट आहे पण सापडत नाही असं म्हणतो, ही पुढची पायरी. लाटेक वितरणाबरोबर आलेला फॉन्ट लिनक्सवर नावाने शोधला तर झीलाटेकला बऱ्याचदा दिसत नाही, कारण सिस्टिमच्या फॉन्टयादीत टेकचं फोल्डर जोडलेलं नसतं. तिथे फॉन्टच्या नावाऐवजी फाइलचं नाव द्या, शोभिका डॅश रेग्युलर डॉट ओटीएफ असं पूर्ण, सापडतो. फाइलचं नाव दिलं की ठळक अक्षर आपोआप मिळत नाही, बोल्डफॉन्ट बरोबर करून दुसरी फाइलही सांगावी लागते. विंडोजवर फॉन्ट डबलक्लिक करून टाकला की तो कधीकधी फक्त त्या यूजरच्या खात्यात जातो आणि टेक बघतं सगळ्यांच्या फोल्डरात, तेव्हा राइट क्लिक करून सगळ्या यूजरसाठी इन्स्टॉल करा. लिनक्सवर नवा फॉन्ट टाकल्यावर एफसी-कॅश (फॉन्टयादी ताजी करणारी कमांड) चालवा. लुआलाटेक पहिल्यांदा चालवलं की ते सगळ्या फॉन्टांची यादी बनवत बसतं, दोन-चार मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं, ते अडकलेलं नसतं, मधेच मारू नका.

आणि तुमचा जुना मजकूर कृतीदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीतला असेल तर वरचं काहीही लागू पडणार नाही. त्या फाइलमधे मुळात मराठी नाहीच आहे, इंग्रजी अक्षरं आहेत ज्यांना मराठीचा मुखवटा चढवलाय. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा, मग प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला, कारण रफार आणि अनुस्वार यांत कन्व्हर्टर हमखास माती खातात.

आता फॉरमॅटिंग. भाषेसाठी पॉलिग्लॉसिया किंवा बेबल ही पॅकेजेस, दोन्हीपैकी एकच. पॉलिग्लॉसियात सेटडीफॉल्टलँग्वेज मराठी म्हटलं आणि मुख्य फॉन्टात देवनागरी नसेल तर ते भांडतं की देवनागरीफॉन्ट नावाचा फॉन्ट ठरवून दे, ते न्यूफॉन्टफॅमिली कमांडने ठरवायचं. भाषा सांगितल्यावर धडा, अनुक्रमणिका, तारीख हे सगळं मराठीत येतं. आकडे इंग्रजीच हवे असतील, बरीच विद्यापीठं पानांचे आकडे तसे मागतात, तर न्यूमरल्स बरोबर वेस्टर्न.

भाषा सांगण्याचा दुसरा फायदा लोकांना माहीतच नसतो, तो म्हणजे शब्द तोडणं. टेक ओळी भरताना एकेक ओळ भरत जात नाही, अख्खा परिच्छेद एकदम बघतं आणि सगळ्या ओळी मिळून कमीत कमी वाईट दिसतील अशी तोडणी निवडतं, क्नुथ आणि मायकेल प्लास यांची ही पद्धत, आणि लाटेकची पानं देखणी दिसण्याचं अर्धं श्रेय तिचं. पण त्यासाठी शब्द कुठे तोडता येतो हे त्याला माहीत पाहिजे. भाषा नाही सांगितली तर ते इंग्रजीचे नियम लावतं, आणि इंग्रजीच्या नियमांत देवनागरी अक्षरच नाही, म्हणजे तुमचा एकही शब्द तुटत नाही. आपले शब्द तर प्रत्यय लावून लावून लांबलचक, "विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा" हा एकच शब्द ओळीच्या शेवटी आला की तो समासात घुसतो आणि लॉगमधे येतं ओव्हरफुल एचबॉक्स, बारा पॉइंट जास्त रुंद. बारा पॉइंट म्हणजे चार मिलिमीटरच्या वर, डोळ्याला दिसतं. एखाद-दीड पॉइंटचं असेल तर सोडून द्या. टेकलाइव्हमधे मराठीचे तोडणीचे नियम आहेत, भाषा सांगितली की लागतात. तरी उरलंच तर इमर्जन्सीस्ट्रेच ३ एम (एम हे फॉन्टच्या आकारावर ठरणारं माप) द्या, शब्दांमधली जागा थोडी सैल होते. अख्ख्या फाइलला स्लॉपी लावू नका, पानं गळून गेल्यासारखी दिसतात.

ओळींमधलं अंतर. लाटेकचं डीफॉल्ट अंतर इंग्रजीच्या हिशोबाने आहे, आपल्याला वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार, वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. लाइनस्प्रेड १.२ ते १.३ च्या आसपास ठेवून बघा, फॉन्टाप्रमाणे कमीजास्त.

तिरप्या अक्षरांचं एक. एम्फ कमांड दिली आणि काहीच फरक दिसला नाही, लॉगमधे फॉन्टचा आकार डिफाइन नाही असं काहीतरी. बरोबर आहे, देवनागरीत इटॅलिकची परंपरा नाही आणि शोभिकात साधं आणि ठळक एवढंच आहे. खोटं तिरपं करायचा ऑप्शन फॉन्टस्पेकमधे आहे पण वापरू नका, फार विचित्र दिसतं. त्यापेक्षा इटॅलिकफॉन्टच्या जागी ठळक फाइल देऊन टाका, जोर द्यायचा तिथे ठळक येईल.

मग ते नेहमीचे यशस्वी कलाकार. टक्क्याचं चिन्ह म्हणजे लाटेकमधे टिप्पणी, त्या ओळीतलं त्याच्यापुढचं सगळं ते वाचतच नाही. तुम्ही लिहिलं "५०% शेतकऱ्यांना विमा मिळाला नाही" आणि छापून आलं नुसतं ५०, पुढचं सगळं गुल, एररसुद्धा नाही. टक्क्याआधी बॅकस्लॅश. अँडचं चिन्ह, हॅश, अंडरस्कोर, डॉलर यांनाही तसंच. अंडरस्कोर साध्या मजकुरात आला तर एरर येते की डॉलर राहिलाय, आणि माणूस वेड्यासारखा डॉलर शोधत बसतो, ईमेल आयडीतला अंडरस्कोर असतो तो.

गणितवाल्यांसाठी, समीकरणात पायाशी मराठी शब्द लिहिला, समजा व्ही आणि खाली "अंतिम", तर तो शब्द गायब होतो. कारण समीकरणाच्या आत गणिताचा वेगळा फॉन्ट चालतो आणि त्यात देवनागरी नाही. ते शब्द टेक्स्ट कमांडमधे घाला, ती एएमएसमॅथ पॅकेजात आहे.

चित्र इथे टाकलं आणि ते दोन पानं पुढे गेलं, हा दोष नाही, लाटेक चित्रांना तरंगती ठेवतं म्हणजे पानावर भलीमोठी मोकळी जागा राहू नये. मार्गदर्शकांना पटत नसेल तर फ्लोट पॅकेज घेऊन मोठा एच द्या, तिथेच बसतं. संदर्भाच्या जागी दोन प्रश्नचिन्हं आली तर परत एकदा कंपाइल करा, पहिल्या फेरीत लाटेक नंबर लिहून ठेवतं, दुसरीत वापरतं, लाटेकएमके वापरलंत तर तोच लागतील तितक्या फेऱ्या मारतो. अचानक कालपर्यंत चालणारी फाइल भलतंच बडबडायला लागली तर ऑक्स आणि टीओसी शेपटीच्या फायली उडवा, त्या परत तयार होतात.

शेवटची शब्दसूची (कुठला शब्द कुठल्या पानावर) मात्र जपून. मेकइंडेक्स हे सूची लावायचं नेहमीचं साधन देवनागरी नीट लावत नाही, त्याला आपला वर्णक्रम माहीत नाही. अपमेंडेक्स किंवा झिंडी वापरा आणि क्ष, ज्ञ, ळ आणि अनुस्वाराचे शब्द कुठे गेलेत ते हाताने तपासा.

आणि छापून झाल्यावर कळतं असं एक, पीडीएफमधे मराठी शब्द शोधला तर सापडत नाही, कॉपी केला तर भलतंच पेस्ट होतं. पानावर आकार बरोबर असतात पण मागे मूळ मजकूर जोडलेला नसतो. झीलाटेकमधे झीटेक-जनरेट-ॲक्च्युअलटेक्स्ट बरोबर १ अशी ओळ घातली, सगळं सलग एकच शब्द, की मूळ मजकूर पीडीएफमधे जातो आणि शोध बराच सुधारतो. विद्यापीठ प्रबंध साहित्यचोरीच्या तपासणीला लावत असेल तर ही ओळ घातलेली बरी, नाहीतर त्या सॉफ्टवेअरला तुमचा प्रबंध म्हणजे नुसता चिखल.

इतकं करूनही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर तीनशे पानांची फाइल पाठवू नका, कुणी उघडत नाही. कॉपी करा, अर्धा मजकूर उडवा, घोळ अजून आहे का बघा, असेल तर उरलेल्यातला अर्धा उडवा, नसेल तर उडवलेला परत आणून दुसरा उडवा. पंधरा-वीस ओळींवर आलात की नव्वद टक्के वेळा कारण स्वतःलाच दिसतं. नाहीच दिसलं तर त्या पंधरा ओळी, इंजिन कुठलं, वितरण कुठल्या सालाचं, आणि लॉगमधली पहिली एरर, शेवटची नाही, पहिली, कारण पुढच्या सगळ्या बहुतेक पहिलीचीच पिल्लं असतात, एवढं पाठवा. आणि स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो पाठवू नका, मजकूर कॉपी करून पाठवा, म्हणजे समोरच्याला तोच चालवून बघता येतो.